जोरात फुंका, आजी

उन्हाळा लागला तरी मामीचा खोकला हटेना, म्हणून तिला साताऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले होते. आत एका कोंदट खोलीत फुंकायची तपासणी होती. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, नळीची वायर कॉम्प्युटरला. तपासणी करणारी मुलगी विशी-बाविशीची, बोलायला गोड, पण सकाळपासून एकच गोष्ट सांगून सांगून घसा बसलेली. “आजी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात फुंकायचं. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. जोरात फुंका, आजी!” मामीनं पदर खोचला, नळी दोन बोटांत धरली, ओठ बेतानं बसवले आणि फुंकलं. बारीक, लांब, एकसारखं. पडद्यावरची रेघ जराशी चढली आणि आडवी होऊन सरपटत राहिली. “असं नाही हो, एका दमात सगळा बाहेर टाकायचा.” मामीनं पुन्हा तसंच फुंकलं. शेवटी ती मुलगी वैतागून माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा मामीनं नळी तोंडातून काढली आणि मला म्हणाली, “जोरात फुकलं की राख उडती की गं.”

आम्ही तिघी हसलो. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. बिडी? तंबाखू? मशेरी? मामीनं तिन्हींना “न्हाय बा” म्हटलं, थोडं रागानंच. तिच्या माहेरी-सासरी मशेरी भाजण्याचा वास घरभर असायचा, पण हिनं कधी बोट लावलं नाही, याचा तिला अभिमान आहे. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता पुढचा प्रश्न टाकला, “चुलीवर किती वर्षं?” मामी गोंधळली. हिशेब येत नव्हता म्हणून नव्हे. हिशेब कुठून धरायचा ते तिला कळेना. तिनं विचारलं, “आईकडचं धरून का?”

हा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

मामीचं घर माण तालुक्यात. आता तिथं स्लॅबचं घर उभं आहे, पण माझ्या लहानपणी माळवदाचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर माती ओढलेलं छप्पर, आणि स्वयंपाकघरात बरोबर चुलीच्या वर नाही, तर तिच्यापासून हातभर लांब एक साणं. त्या साण्यातून सकाळी उन्हाचा एक खांब तिरपा खाली उतरायचा आणि त्या खांबात धूर कसा वळतो, कसा थबकतो, कसा पुन्हा खाली बसतो ते स्पष्ट दिसायचं. आम्ही पोरं त्यात हात घालून धूर कापायचो. पावसाळ्यात साण्यावर पालथी पाटी पडायची, मग त्या खोलीत ऊनही नाही आणि धुराला वाटही नाही. भिंती वरून अर्ध्यापर्यंत काळ्या कुळकुळीत, चकचकीत. खालचा भाग मात्र मामीनं सारवलेला, पांढऱ्या मातीचा. तिच्या बसत्या डोक्याच्या थोडं वर ती काळी-पांढरी सीमा होती. आत येणारा माणूस उभा असेल तर त्याचं डोकं काळ्यात जायचं आणि डोळे झोंबायचे, म्हणून मामा दारातूनच “झालं का गं?” म्हणून विचारायचे आणि परत फिरायचे. स्वयंपाकघरात खाली बसून काम करायचं ते का, हे मला तिथं कळलं. उभं राहून त्या खोलीत कुणाला टिकताच आलं नसतं.

पहाटे चूल पेटवायला काडीपेटी क्वचित लागायची. रात्री झोपताना मामी एक जाड बाभळीचा निखारा राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख हळूच उकरली की आत तो लाल, जिवंत. त्यावर शेणीचा एक तुकडा मोडून ठेवायचा, वर तुरकाट्या, मग चिमूटभर काटक्या, आणि फुंकणी. शेजारची कुणी “इस्तू हाय का गं?” म्हणत खापर घेऊन आलीच, तर तिला आधी द्यायचा. स्वतःची चूल पेटायची थांबली तरी चालेल. फुंकणी म्हणजे लोखंडी पाइपचा वीतभराहून जास्त लांबीचा तुकडा, तोंडाकडच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली, कारण पाइप तापतो. मला ती पहिल्यांदा हातात मिळाली तेव्हा मी गाल फुगवून जीव खाऊन फुंकलं आणि चुलीतली सगळी राख माझ्या केसांत, मामीच्या पिठात आणि झाकण नसलेल्या दुधात गेली. तिनं धपाटा घातला नाही. माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “हितनं सोड. हळू. सुई ववायच्या बेतानं.” तेव्हापासून मला येतं. निखाऱ्याच्या बुडाशी नळीचं तोंड न्यायचं, बारीक धार धरायची, निखारा लाल-केशरी-पिवळा होत जातो, मध्येच ‘भप्’ असा आवाज येतो आणि धूर एकदम जाळ होतो. त्या ‘भप्’चं सुख दुसऱ्या कशात नाही, अजूनही.

पुढं शिकल्यावर कळलं की लाकूड म्हणून जळतं ते खरं लाकूड नसतंच. तापल्यावर त्यातून वायू सुटतो, तो जळतो. पुरेशी आच किंवा पुरेशी हवा मिळाली नाही की तोच वायू न जळता बाहेर पडतो, आणि त्याला आपण धूर म्हणतो. फुंकणी नेमकी तिथं हवा पोचवते, म्हणून तो भपका. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. आधी ते पाणी उडवण्यातच आच खर्ची पडते आणि तोवर नुसता धूर होत राहतो. मामीला यातलं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण लाकूड हातात घेऊन दुसऱ्या लाकडावर आपटलं की ते वाळलंय का हे तिला आवाजावरून कळायचं. ओलं चुकून आलंच, तर चुलीबाहेर राहिलेल्या टोकाला फेस यायचा, सूंऽऽ असा आवाज व्हायचा. “रडाय लागलं बघ,” म्हणायची आणि ते ओढून वैलाच्या कडेला वाळायला लावायची.

वैल म्हणजे चुलीच्या पोटातून आच घेणारी शेजारची छोटी चूल. तिच्यावर जाळ थेट येत नाही, नुसती धग येते. म्हणून हुलग्याचं माडगं, डाळ, कधी नुसतं पाणी, असं जे जे वेळ खाणारं ते वैलावर. पुढच्या चुलीवर भाकरी. या दोन तोंडांवर मामी जे काही चालवायची ते बघत बसायला मला आवडायचं. जाळ मोठा हवा असेल तर लाकूड आत सारायचं, कमी हवा असेल तर मागं ओढायचं. भाकरी तव्यावर असताना जाळ तव्याच्या बुडाभर पसरलेला हवा. ती उतरली की लाकडं मागं घ्यायची, आर पुढं ओढायचा आणि भाकरी चुलीच्या तोंडाशी त्या आरापुढं उभी करायची. आराची धग समोरून लागते, भाकरीतल्या पाण्याची वाफ होते, वरचा पापुद्रा सुटतो आणि भाकरी फुगते. मग ती अर्धा चक्कर फिरवायची. हे सगळं करताना दुसरी भाकरी थापणं चालू. पिठाच्या हातानं लाकूड ढकलायचं नाही, म्हणून ते पायाच्या अंगठ्यानं. पायाच्या अंगठ्यानं जाळ कमी-जास्त करणारी बाई मी पाहिली आहे. आता माझ्या शेगडीला चार बर्नर आहेत आणि सगळ्या बटणांना मिळून मला तेवढा ताबा वाटत नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की आता चुलीचे गोडवे सुरू होणार. ते गायला दुसरे पुष्कळ लोक आहेत. पुण्याहून साताऱ्याकडं किंवा सोलापूरकडं निघालात की दर दोन-चार मैलांवर पाटी दिसते: चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहा. चुलीवरचं आईस्क्रीम कधी येणार हा विनोदसुद्धा आता जुना झाला. एका ठिकाणी आम्ही जेवलो. पुढं फेटा बांधलेला पोरगा, कंदील, बैलगाडीचं चाक, आणि गिऱ्हाइकाला दिसेल अशी एक रंगवलेली चूल, तिच्यावर कुणी काही शिजवत नव्हतं. हात धुवायला मागं गेले तर पत्र्याच्या आडोशाला खऱ्या चुलींची रांग होती आणि दोन बाया भाकऱ्या थापत होत्या. आडोसा वाऱ्याच्या उलट बाजूला होता, म्हणजे गिऱ्हाइकाकडं धूर येणार नाही असा. त्यांच्याकडंच सगळा. एकीनं पदर नाकावर बांधला होता. भाकरी मात्र उत्तम होती, हे लिहायलाच हवं. मी आणखी एक मागून घेतली.

लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की त्यातून ग्वायकॉल नावाचं द्रव्य बाहेर पडतं. आपल्याला जो धुरकट, खमंग वास म्हणून आवडतो त्यात त्याचा मोठा वाटा. म्हणजे वांग्याच्या भरतात जी चव आहे ती धुराचीच. ताटात आलेला धूर आणि छातीत गेलेला धूर यांत रसायनशास्त्र फरक करत नाही. फरक आपण करतो, कोण कुठं बसलंय यावरून. मामा, माझे मामेभाऊ, आम्ही शहरातून जाणारी माणसं, सगळे माजघरात पाट मांडून बसायचो आणि म्हणायचो, गॅसवरच्या भाकरीला ती चव नाही बुवा. मामांचं तर ठाम मत होतं की गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस होतो. त्यावर हसून झालं तरी ताट चुलीवरच्याच भाकरीचं मागायचे. आमच्यातल्या एकानंही त्या खोलीत सलग अर्धा तास काढलेला नव्हता.

पण हे इथं संपत नाही. इथं संपलं असतं तर सोपं झालं असतं. सिलेंडर आणला, चूल मोडली, मामी सुटली.

मामी सासरी आली तेव्हा घरात सासू, चुलतसासू, दोन जावा. चूल सासूची. मामीला पहिली काही वर्षं काम होतं ते फुंकायचं आणि सरपण आणायचं. कालवणात मीठ टाकायचा हक्क नव्हता. शिजवायची सासू, धूर सगळ्यात धाकट्या सुनेला. मोठ्या घरांत धुराची वाटणीसुद्धा मानानं व्हायची. पुढं भावाभावांत वाटण्या झाल्या. शेत वाटलं, बैल वाटले, भांडी मोजून घेतली गेली आणि रडारड होऊन सगळे आपापल्या खोलीत गेले. त्या संध्याकाळी मामीनं अंगणात लिंबाखाली तीन दगड मांडले आणि त्यावर पिठलं-भाकरी केली. पाऊस नव्हता, वारं होतं, जाळ सारखा एका बाजूला पळत होता, पिठलं बुडाला लागलं. हे ती मला कितीदा सांगते! आणि दर वेळी सांगताना तिचा चेहरा उजळतो. भाऊ वेगळे झाले म्हणून गावात लोक हळहळत होते, मामा तोंड पाडून बसले होते, आणि ही मनातल्या मनात खूश. “मीठ माझ्या हातानं टाकलं गं,” म्हणते. नंतर तिनं स्वतःची चूल घातली. चिकणमाती आणून भिजवली, तिच्यात राख आणि बारीक भुसा मळला, तव्याचा घेर डोळ्यांसमोर धरून तोंड ठेवलं, भांडं टेकायला वर तीन उंचवटे काढले, उन्हात तडकेल म्हणून सावलीत वाळवली. दर आठवड्याला पोतेरं फिरवायची. त्या चुलीला कुणी पाय लावलेला तिला खपायचा नाही. मामांनी एकदा बिडी पेटवायला चुलीत वाकून लाकूड ओढलं तर तिनं केवढा कालवा केला होता.

तर आता या बाईला सांगायचं की ही चूल तुझी शत्रू. ती मान हलवेलही. पण तिच्या आयुष्यात स्वतःच्या हातानं घडवलेली आणि जिच्यावर दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नव्हता अशी वस्तू तेवढी एकच.

सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि खेडोपाडी त्या चुली बसल्या. मामीच्याही घरी एक आली. सिमेंटचं धुराडं, भिंतीतून वर गेलेलं, दोन भोकं. काही महिने धूर खरंच कमी झाला. मग धुराड्यात काजळी साठली; ती साफ करायला माळवदावर चढावं लागे आणि ते काम बायकांचं की पुरुषांचं हे कुणी ठरवलं नव्हतं, त्यामुळं ते कुणाचंच नव्हतं. शिवाय त्या चुलीचं तोंड लहान होतं. आरापुढं भाकरी उभी करायला जागाच नव्हती. ज्यांनी बांधून दिली त्या माणसांनी भाकरी खाल्लेली होती, भाजलेली नव्हती. मामीनं एक दिवस हातोडीनं तोंड मोठं केलं आणि धुराड्याचा उपयोग तिथंच संपला.

मग गॅस आला. मामेभावानं नोकरी लागल्यावर आणला. सिलेंडरवर मामीनं भरतकाम केलेला रुमाल घातला, शेगडी पुसून पुसून नवी ठेवली, चहा आणि पाहुण्यांसाठी. गावात बाकीच्यांकडं गॅस पोचला तो बराच नंतर. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरात तिची आठ कोटीवी जोडणी औरंगाबादेत दिली गेली. आता ते छत्रपती संभाजीनगर. जोडणी बाईच्या नावावर मिळायची. शेजारच्या काकूंना तिचं फार अप्रूप होतं. सातबारा नवऱ्याचा, घर सासऱ्याचं, आणि गॅसचं पुस्तक तेवढं त्यांच्या नावाचं. पुस्तक त्यांनी देवघरात ठेवलं होतं. सिलेंडर दुसऱ्यांदा भरायची वेळ आली तेव्हा मात्र पैसे कुणाकडं मागायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि चूल होतीच.

खरा घोळ इथं आहे असं मला वाटतं. १४.२ किलोचा सिलेंडर संपला की घरात त्याची चर्चा होते. इतक्या लवकर कसा संपला, कुणी पाणी तापवलं, पैसे कोण देणार. सरपण संपलं तर कुणाला काही कळतसुद्धा नाही. मामी उठते, डोक्यावर चुंबळ ठेवते, कोयता घेते आणि ओढ्याकडं जाते. माणात वेड्या बाभळीला तोटा नाही. काटे चपलेतून आरपार जातात. दोघी-तिघी मिळून जातात, कारण मोळी एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नाही, दुसरीनं हात द्यावा लागतो. शेवटच्या बाईला कोण हात देतं, असं मी लहानपणी विचारलं होतं. ती बांधावर मोळी टेकवून खालून डोकं घालते. पावसाळ्याआधी सरपण रचायचं, शेण्यांचा हुडवा लिंपायचा, ज्वारी निघाल्यावर धसकटं वेचायची, तुरीच्या मळणीनंतर तुरकाट्या बांधून आणायच्या. या सगळ्याला घरात कुणी पैशात मोजलं नाही. म्हणून चूल ‘फुकट’. मामेभाऊ आजही प्रामाणिकपणे म्हणतो, “आईला गॅस आहे की, ती वापरत नाही, तिला चूलच आवडते.” आवडते, यात खोटं काही नाही. पण सिलेंडर लवकर संपला म्हणून कुणी तिला बोललं असेल तर ते त्याला आठवत नाही, आणि तिला आठवतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ५८.६ टक्के घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरतात असं दिसलं. महाराष्ट्रात हा आकडा ऐंशीच्या जवळपास. हे चांगलंच आहे, आधीच्या फेरीपेक्षा मोठी उडी आहे. पण त्या पाहणीत विचारतात ते घरात मुख्यतः कुठलं इंधन वापरता असं. मामीच्या घरी विचारलं तर उत्तर गॅस असंच येईल, आणि देणारा मामेभाऊ असेल. मागच्या दारची चूल त्या आकड्यात बसत नाही. गावात आता स्लॅबच्या घरांना टाइल्सचा ओटा आहे, चिमणी आहे, आणि मागं पत्र्याखाली चूल आहे. अंघोळीचं पाणी, भाकरी, दिवाळीचं तळण, मटण, जत्रेचा स्वयंपाक. आतला ओटा पाहुण्यांना दाखवायचा.

डॉक्टरांनी काळा दमा असल्याचं सांगितलं. मला वाटायचं तो बिड्या ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचा आजार. नंतर वाचलं तर पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवलं होतं की जगात तंबाखू ओढणारे शंभर कोटींच्या घरात, आणि लाकूड-शेणाच्या धुरात जगणारे तीनशे कोटींच्या, तेव्हा या आजाराचं जगातलं सगळ्यात मोठं कारण कदाचित चूलच असेल. आमच्या घरात मामांच्या बिडीवर किती भांडणं झाली! त्यांना बिडी प्यायला अंगणात जावं लागायचं, कारण घरात धूर होतो. आत चूल चालू असायची.

“चूल बंद,” डॉक्टर म्हणाले. वर पंप दिला, तो कसा ओढायचा ते दाखवलं. मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाणी तापवाय तरी?” डॉक्टर काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर तिनं पंप उलटा-सुलटा करून पाहिला. यात फुंकायचं नाही, आत ओढायचं आहे, हे तिच्या पचनी पडायला वेळ लागला. एसटीत तिनं मला सांगितलं की तिच्या आईलाही असाच खोकला होता, आणि आईच्या सासूलाही. त्याला आजार कुणी म्हणत नव्हतं. म्हातारपणी बायका खोकतातच, असं धरून चालायचे. तेव्हा मला तिचा दवाखान्यातला प्रश्न नीट कळला. आईच्या मांडीवर, आईच्या पाठीला बांधून, आईच्या चुलीपुढं काढलेली वर्षं धरायची का, असं ती विचारत होती. डॉक्टरांच्या कागदावर तेवढी जागा नव्हती. त्यांनी लग्नापासूनची धरली.

सोलर बसवून देतो असं मामेभाऊ म्हणाला आणि या वेळी त्यानं खरंच बसवला. त्यामुळं पाण्याचा प्रश्न सुटला. कालवण, भात, दूध गॅसवर. भाकरीवर तह झाला नाही. मामी म्हणते आठवड्यातून एकदा. सून मला फोनवर सांगते, कसलं एकदा, रोज सकाळी मागं जाऊन बसतात. मला दोघींचंही पटतं. मी पुण्यात बसून मामीला फोनवर रागावते आणि दिवाळीत गेले की मागच्या दारी पाट घेऊन बसते, हेही खरं आहे. मामीनं मात्र एक गोष्ट पक्की ठरवून टाकली आहे. सुनेला तिनं एकदाही चुलीपुढं बसू दिलं नाही. नात आता बारावीला आहे, तिला शिकायची फार हौस. मी मध्यस्थी केली, म्हटलं, मला शिकवलंस की, हिला नुसतं पेटवायला शिकव, विद्या आहे ती, तुझ्यापाशीच संपेल. मामी म्हणाली, “संपू दी.” एवढंच. आवाजात खंत नव्हती, राग नव्हता. मी पुढं काहीतरी वारसा वगैरे म्हणणार होते, ते गिळलं. फुंकणी तिनं पत्र्याच्या वर, नातीच्या हाताला लागणार नाही अशी खोचून ठेवली आहे.

शेवटी नातीनं दुसरी वाट काढली. आजीचा भाकरी करताना रील काढायचा म्हणाली. मामीनं आधी नको नको केलं, मग चांगलं लुगडं नेसून बसली, आणि पोरीला तंबी दिली, “लांबनं काढ, धूर नाकात जाईल. वाऱ्याच्या ह्या अंगाला हो.” रील फार चालला. भाकरी फुगते तेवढाच तुकडा तिनं ठेवला होता, मागं हलगी लावली होती, खोकला अर्थातच कापला होता. खाली लोकांनी बदामांचा पाऊस पाडला. आमची आजी आठवली. हीच खरी चव. पत्ता पाठवा. नातीनं ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मामी भाकरीवर पाणी फिरवत ऐकत होती.

“काय म्हनत्यात?”

“जेवायला यायचं म्हणतायत, आजी. चुलीवरचं.”

“या म्हनावं की,” मामी म्हणाली. “येताना लाकडं घिऊन या म्हनावं.”